बाबा आता नाहीत

ते फोन जरा उलटे ठेवा बघू. मघापासून बघतोय, तुम्ही भाचरं त्या विकाऊ घरांच्या फोटोंवर तुटून पडलाय. हा सोफा बघ, तो दिवा बघ. अरे, त्या घरात तो सोफा नसतो. दिवा नसतो. कधीकधी खिडकीबाहेरचं निळं आभाळसुद्धा नसतं, कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून भरलेलं असतं. मला हे ठाऊक आहे, कारण आपल्यातलाच एक माणूस याच धंद्यात होता. तुमच्या मामीचा मामेभाऊ, टेप.

दार लोटून घे. मामी झोपलीय. तिला मी ही गोष्ट सांगितलेली आवडत नाही. भुताला घाबरते म्हणून नाही. सांगताना मी चिडतो, मग मला झोप लागत नाही, आणि मग मी तिलाही झोपू देत नाही, म्हणून.

टेप हे काही त्याचं खरं नाव नव्हे. मोजायची टेप कायम पट्ट्याला अडकवलेली असायची, हे एक कारण. दुसरं म्हणजे बोलायला लागला की टेप लावल्यासारखा बोलायचा, बंद करायचं बटण सापडायचं नाही. ही हकिगत मात्र त्यानं मला सलग, अख्खी अशी एकदाच सांगितली. आणि सांगताना मधेमधे इतका वेळ गप्प बसायचा, की मला वाटायचं, झोपला की काय.

त्याचं काम असं. कुणाला घर विकायचं असलं की हा आपल्या गोदामातून सामान टेम्पोत घालून घेऊन जायचा. सोफा, गालिचा, पडदे, प्लास्टिकची झाडं. पुस्तकांच्या नुसत्या पाठी चिकटवलेले खोके. अनोळखी माणसं हसतायत असे फ्रेममधले फोटो. पलंग म्हणाल तर पुठ्ठ्याचे खोके, वर हवेची गादी, त्यावर इस्त्रीची चादर. बघणाऱ्याला वाटावं, इथे कुणीतरी सुखानं राहतंय, आता आपण राहू. घर विकलं गेलं की सगळं उचलून पुढच्या घरी. "मी घरांना मेकअप करतो," असं म्हणायचा. माणूस वाईट नव्हता. सामानाबद्दल खोटं बोलायचा, पण ते त्याचं कामच होतं. एरवी नाही.

तर टेप त्या घरी पहिल्यांदा गेला तो माप घ्यायला. नोव्हेंबरचे दिवस. गल्लीतलं शेवटचं घर, बैठं, पुढे थोडंसं अंगण आणि लोखंडी फाटक. मालकाचा मुलगा किल्ली घेऊन आला होता. टेप त्याला पुढे कायम चिरंजीव म्हणायचा, आणि म्हणताना थुंकल्यासारखं म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. चिरंजीव चाळिशीतले, गोरेगोमटे, बोलायला गोड. सारखा चष्मा पुसायची सवय.

घर सुताराचं होतं. म्हणजे चिरंजीवांचे वडील सुतार. दारं, खिडक्या, भिंतीतली कपाटं, सगळं त्यांच्या हातचं. टेप सांगायचा, कपाटाचं दार लोटलं की आवाज न होता बसायचं, जसं काही कुणी आतून हळूच धरून घेतंय. आणि पुढच्या खोलीत एक जेवणाचं टेबल. सागवानी, अख्खं घर एका वेळी जेवायला बसेल एवढं, पाय हत्तीसारखे.

"हे काढा आधी," चिरंजीव म्हणाले. "खोली लहान दिसते यानं."

टेपनं टेप लावून बघितली. दार अरुंद, टेबल रुंद. खाली वाकून बघितलं तर खिळा नाही, स्क्रू नाही. नुसत्या खाचा, एकात एक बसवलेल्या.

"साहेब, हे दारातून निघणार नाही. इथेच बसून केलेलं आहे हे."

"मग कापा."

"कापू? बाबांनी केलंय ना?"

"बाबा आता नाहीत ना," चिरंजीव चष्मा पुसत म्हणाले.

टेपला वाईट वाटलं. "कळलं नव्हतं मला. कधी झालं?"

"ऑगस्टमध्ये. काय करणार. वय."

दुसऱ्या दिवशी टेप माणसं आणि विजेची करवत घेऊन आला आणि टेबल मधोमध कापलं. करवत सारखी अडत होती. पातं तापून जळका वास सुटला. आणि त्या वासाखालून लाकडाचा वास यायला लागला, काल झाड पाडावं तसा ताजा. चिरंजीव म्हणाले, टाकून द्या. टेपला टाकवलं नाही. तुकडे टेम्पोत घालून त्यानं गोदामात ठेवले. भिंतीवरचे फोटोही त्यानंच उतरवले. त्यातल्या एकात म्हातारा आणि म्हातारी त्याच टेबलाशी बसलेली, म्हाताऱ्याचा हात टेबलावर, कुत्र्याच्या पाठीवर ठेवावा तसा. टेपनं तो फोटो कापडात गुंडाळून चिरंजीवांच्या हातात दिला. त्यांनी तो गाडीच्या डिकीत टाकला. ठेवला नाही. टाकला.

मग भिंतींना रंग काढला, घर सजलं. टेबलाच्या जागी काचेचं टेबल आलं, कोपऱ्यात उभा दिवा आला, सुताराच्या खोलीत पुठ्ठ्याचा पलंग आला.

आता ती रात्र. अकरा डिसेंबर, बुधवार. अमावास्या बिमावास्या काही नव्हती, चांगला चंद्र होता. गुरुवारी सकाळी एक जोडपं घर बघायला येणार होतं. जेवण झाल्यावर टेपला आठवलं, की उभ्या दिव्याचा बल्ब सकाळपासून लुकलुकत होता. बघायला येणाऱ्यांसमोर दिवा लुकलुकला म्हणजे सगळ्या मेकअपवर पाणी. त्यानं बल्ब खिशात टाकला, स्कूटर काढली, आणि बायकोला म्हणाला, "हा आलोच."

फाटक उघडलं. कुलूप उघडलं. आत गेला, बल्ब बदलला. छान पिवळा उजेड पडला. टेपनं मागे सरून बघितलं आणि त्याला समाधान वाटलं. खरंच घर वाटत होतं, म्हणाला.

तेवढ्यात आतून आवाज आला.

टक. टक.

जरा थांबून परत. टक. टक. बोटांच्या सांध्यांनी कुणी लाकूड वाजवून बघावं तसा.

टेपला वाटलं, मांजर असेल, नाहीतर पाइप. तो आतल्या खोलीच्या दाराशी गेला. आत एक म्हातारा उभा होता. बनियन, पायजमा, अनवाणी. टेपनं आणलेलं कपाट तो वाजवून बघत होता. वर, मधे, खाली.

"कोण आपण?" टेप म्हणाला. गल्लीतलाच कुणी असेल, दार उघडं दिसलं म्हणून आला असेल, असं त्याच्या मनात.

म्हाताऱ्यानं वळून बघितलं नाही. "हे काय आहे?"

"कपाट आहे."

"कशाचं?"

"लाकडाचं."

"भुसा आहे," म्हातारा म्हणाला. "भुसा दाबून वर लाकडाचं चित्र चिकटवलंय. पावसाळ्यात फुगेल. लाज नाही वाटत?"

आवाज मोठा नव्हता. पण त्या आवाजात इतका राग होता, की टेप म्हणायचा, शाळेत मास्तरांसमोर उभं राहिल्यासारखं झालं मला. म्हातारा पलंगाशी गेला आणि गादीवर हाताचा पंजा दाबला. खालचा पुठ्ठा चुरगळला.

"यावर कोण झोपणार?"

"कुणी नाही. दाखवायला आहे तो."

"आणि मी कुठे झोपू?"

तेवढ्यात म्हातारा उजेडात आला आणि टेपनं त्याचा चेहरा बघितला.

तो चेहरा त्यानं स्वतःच्या हातानं भिंतीवरून उतरवला होता.

इथे मी टेपला पाणी दिलं, ते त्यानं नुसतं हातात धरून ठेवलं.

म्हातारा त्याच्या अगदी जवळून पुढच्या खोलीत गेला. वास नाही. वारा नाही. पायांचा आवाजही नाही. काचेच्या टेबलापाशी तो थांबला आणि खाली बघत राहिला. टेपचं लक्ष काचेकडे गेलं. काचेत दिवा दिसत होता. छत दिसत होतं.

बाकी काही दिसत नव्हतं.

"माझं टेबल?"

टेपनं दाराकडे बघितलं.

"टेबल कुठंय माझं?"

"मला सांगितलं होतं की..."

"मलापण सांगितलं होतं," म्हातारा म्हणाला. "घराला रंग काढतोय, बाबा. रंग झाला की नेतो. रोज सांगायचा. मग दिवसाआड. मग यायचाच बंद झाला." त्यानं भिंतीकडे बघितलं. "रंग काढलाय. तेवढं खरं बोलला."

मग टेपकडे वळून म्हणाला, "कापलंस?"

टेपनं मान हलवली.

"जे दारातून निघत नाही, ते काढायचंच नसतं. एवढंही कळलं नाही तुला?"

टेपला पळायचं होतं. दार चार पावलांवर होतं. पण म्हातारा दारात जाऊन उभा राहिला होता. कसा गेला, कधी गेला, टेपला दिसलं नाही.

"उचल," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"हे सगळं. माझ्या घरातून बाहेर."

टेपनं उचललं. आधी उभा दिवा. तारेसकट. मग प्लास्टिकची झाडं. मग पुस्तकांच्या पाठी. अंगणात चंद्राचं पांढरं ऊन पडल्यासारखं झालं होतं, आणि हा एकेक वस्तू आणून मांडत होता. प्रत्येक खेपेला म्हाताऱ्याच्या अंगाला अंग न लागता दारातून बाहेर पडायचं. प्रत्येक खेपेला तो एवढंच म्हणायचा...

"हं. पुढचं."

खुर्च्या. काचेचं टेबल. ते भुशाचं कपाट, ओढत ओढत. गालिचा. पडदे. हसणाऱ्या माणसांचे फोटो.

"हं. पुढचं."

चादर. गादी. पुठ्ठे.

"हं."

मग सोफा राहिला. तीन माणसांचा. एकट्यानं उचलायचा नव्हे. टेप हात जोडून म्हणाला, "काका, हा नाही व्हायचा मला एकट्याला."

म्हाताऱ्यानं बोटानं सोफा दाखवला.

टेपनं एक बाजू धरली. उचलली.

दुसरी बाजूही उचलली गेली.

त्यानं मान वळवली नाही. सोफ्याकडे पाठ करून धरला होता त्यानं. ओझं बरोबर वाटलं गेलं होतं. मागचा माणूस पावलात पाऊल टाकून चालत होता. सराईत. दाराशी सोफा तिरका करायला लागतो, तर मागून आपोआप तिरका झाला.

आणि म्हातारा तर समोर होता. दारात. चौकटीला टेकून. टेपकडे बघत.

मग मागे कोण...

अंगणात सोफा खाली ठेवला. दोन्ही बाजू एकदम टेकल्या. टेपनं वळून बघितलं.

कुणी नाही.

दारातही कुणी नाही.

घर आतून रिकामं. अंधार. चंद्र उतरला होता. मग आतून, पुढच्या खोलीतून, जिथे टेबल होतं तिथून, एक मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. दिवसभराचं काम उरकून माणूस आडवा होतो तेव्हा येतो तसा.

टेप तिथेच सोफ्यावर बसला. स्कूटरची किल्ली खिशातच होती. उजाडेपर्यंत तो तसाच बसून होता, दवात भिजत.

सकाळी चिरंजीव आले, मागोमाग ते जोडपं. फाटक उघडून बघतात तर अंगणात अख्खं घर मांडलेलं. सोफा ओला, गालिचा ओला, आणि त्यात टेप.

"हा काय प्रकार आहे?" चिरंजीव हळू आवाजात म्हणाले. लोकांसमोर मोठ्यानं बोलायचे नाहीत ते.

"तुमचे बाबा आले होते."

चिरंजीवांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला. "कुणी आणलं त्यांना?"

"आणलं म्हणजे?"

"केंद्रातून. एवढ्या रात्री त्यांना सोडलं कुणी?"

टेपला क्षणभर अर्थ लागेना. मग लागला, आणि तो हसायला लागला. हसू आवरेना. म्हातारा जिवंत होता. जिवंत माणूस होता तो. कुठूनतरी निघून, चिडून, चालत आपल्या घरी आला होता. काचेत दिसला नाही म्हणजे उजेडाचा खेळ. सोफा हलका लागला म्हणजे भीतीनं अंगात बळ आलं. सगळ्याचा उलगडा झाला. टेप म्हणायचा, तेवढी दोनचार मिनिटं मी जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो.

चिरंजीवांनी फोन लावला. पलीकडून बाई बोलत होती, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "बाबा कुठे जातील? पलंगावर आहेत. कुशीवर वळवायचं तर दोघी लागतो आम्ही."

फोन बंद झाला.

"अंगावरून वारं गेलंय त्यांच्या," चिरंजीव म्हणाले. "उजवं अंग लुळं आहे. वाचा गेलीय. ऑगस्टपासून."

"मला म्हणाले, घराला रंग काढतोय, रंग झाला की नेतो, असं सांगितलंय त्यांना."

चिरंजीवांचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं. टेपनं ते बघितलं, आणि तो म्हणतो, तिथे माझी भीती संपली आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं.

"तुम्ही मला म्हणालात, बाबा आता नाहीत."

"नाहीतच. घरात नाहीत. मेले असं मी कधी म्हटलं? अर्थ तू लावलास."

ऐकलंत? अर्थ तू लावलास. मी हे वाक्य किती वेळा मनात घोळवलं असेल. मारणाऱ्याचा हात दिसतो रे, पण असल्या माणसाचं काय धरायचं? खोटं म्हणून एकही शब्द बोलला नाही, आणि जिवंत बापाला पुरून मोकळा झाला.

त्या जोडप्यातली बाई पुढे आली. तिनं विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?"

"बाबांच्या. पण अंगठा घेतलाय मी त्यांचा."

"त्यांना कळलं का, कशावर अंगठा देतोय ते?"

"त्यांना काय कळतंय आता."

"कळत नाही तर अंगठा कसा चालतो?" ती म्हणाली, आणि नवऱ्याला घेऊन फाटकाबाहेर पडली. फाटक लावूनसुद्धा घेतलं नाही.

टेपनं आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. तेव्हाही नाही उगारला. त्यानं फक्त चिरंजीवांची कॉलर धरली. नुसती धरली, आणि सोडलीच नाही. सोडली असती तर मारलं असतं, म्हणाला. "मला कापायला लावलंस ना," एवढंच म्हणत राहिला. "जिवंत माणसाचं टेबल मला कापायला लावलंस."

त्याच दुपारी तो केंद्रात गेला. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना ठेवतात तसली जागा. लांब खोली, ओळीनं पलंग, फिनेलचा वास, आणि टीव्ही चालू, कुणी न बघता. म्हातारा शेवटच्या पलंगावर, भिंतीकडे. एक बाजू ओघळल्यासारखी. डावा हात तेवढा हलता.

देखभाल करणारी बाई म्हणाली, "तुम्ही यांचे कोण? बरं झालं कुणी आलं. काल रात्री फार छळलं यांनी. पलंगाच्या दांडीवर बोटं आपटत होते. टक टक, टक टक. हात धरला तरी थांबेनात. पहाटे शांत झाले, आणि बघते तर अंग घामानं निथळतंय. एवढ्या थंडीत. ओझी वाहून आल्यासारखं."

टेप पलंगाशी उभा राहिला. म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

ओळखलं. टेप शपथेवर सांगायचा, ओळखलं त्यानं. पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाकडे असं कुणी बघत नाही.

"काका," टेप म्हणाला. "टेबल मीच कापलं. लाकूड टाकलं नाही मी. सगळं आहे माझ्याकडे."

म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

माफ बिफ काही केलं नाही, हे लक्षात घ्या. का करावं? टेपनं गोदामात ठेवलेल्या त्या टेबलाच्या तुकड्यांतली एक फळी घेतली, तासली, खाली दोन पाय ठोकले आणि पलंगावर आडवी बसेल, जेवणाचं ताट ठेवता येईल, अशी करून नेली. म्हाताऱ्यानं डाव्या हातानं ढकलून दिली. खोलीभर आवाज झाला. दुसऱ्या दिवशी परत ठेवली. परत ढकलली. बाई ओरडायला लागली. शेवटी एकदा टेपच्या लक्षात आलं, की म्हातारा ढकलायच्या आधी फळीच्या कडेला बघतो. तिथे खिळ्यांची डोकी होती.

मग टेपनं एक म्हातारा सुतार शोधून काढला, ज्याला अजून खाचा पाडता येत होत्या. एकही खिळा न मारता पाय बसवून घेतले. ती फळी ठेवली, तेव्हा म्हातारा कितीतरी वेळ नुसता बघत होता. मग त्यानं बोटांनी ती वाजवली. टक. टक. आणि पंजा तिच्यावर ठेवला.

"हं," म्हणाला.

वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून तेवढंच आलं. तो आवाज टेपनं आधी ऐकलेला होता. पण तो तिथून हलला नाही. त्यानं त्या दिवशी म्हाताऱ्याला भरवलं.

चिरंजीव काय करत होते म्हणता? चिरंजीवांनी अक्कल चालवली. खरं सामान नको, कटकट नको. रिकाम्या खोल्यांचे फोटो काढून कुणाकडून तरी कॉम्प्युटरवर सामान भरून घेतलं. चित्रातला सोफा कोण अंगणात काढणार? फोटो झकास आले. तुम्ही मघाशी बघत होतात तसलेच. बघायला माणसं आली, आणि आली तशी गेली. पुढच्या खोलीत कुणी फार वेळ उभं राहायचं नाही. एका गृहस्थांनी कारण सांगितलं. म्हणाले, "तिथे उभं राहिलं की वाटतं, आपण कुणाच्या तरी जेवणात मधे आलोय, आणि सगळे हात थांबवून आपल्याकडे बघतायत."

म्हातारा फेब्रुवारीत गेला. आता खरंच गेला. झोपेत. हात फळीवर होता. त्या दोन महिन्यांत चिरंजीव एकदाही तिकडे फिरकले नव्हते. नंतर आले, कागदांवर सह्या केल्या, बाईला म्हणाले, "तुम्ही खूप केलंत." तिनं पलंगाची चादर ओढून काढायला सुरुवात केली, ते तिथे उभे असताना.

पुढे काही दिवसांनी चिरंजीव टेपच्या गोदामावर हजर. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"माझ्या घराची किल्ली तुला कुणी दिली?"

"कुठल्या घराची?"

"मी राहतो त्या. फ्लॅटची. खोटं बोलू नकोस. हे तुझंच काम आहे."

"कसलं काम?"

त्यांनी टेपला गाडीत बसवून नेलं. उंच इमारत, वरचा मजला, दाराला तीन कुलपं, त्यातली दोन कोरी दिसत होती. बायको मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपायला लागली होती. चिरंजीवांनी आपल्या झोपायच्या खोलीतला दिवा लावला आणि पलंगावरची गादी उचलून भिंतीला टेकवली.

भारी पलंग. गुळगुळीत पॉलिश. आणि त्याच्या मधोमध, डोक्याच्या फळीपासून थेट पायापर्यंत, पेन्सिलीची एक सरळ रेघ. सुताराची जाड पेन्सिल असते ना, तिची. रेघेच्या एका अंगाला एक फुली.

"पुसली," चिरंजीव म्हणाले. "घासली. पॉलिशवाल्याला बोलावून पॉलिश करून घेतलं. सकाळी परत तिथेच. गादीखाली. माझ्या अंगाखाली."

टेपनं वाकून बघितलं. हात लावला नाही.

"ही फुली कसली?" चिरंजीवांनी विचारलं.

टेपला माहीत होतं. आयुष्य लाकूडसामानात गेलेलं. सुतार कापायच्या जागी रेघ मारतो, आणि जो भाग टाकून द्यायचा असतो, त्या भागावर फुली करतो. करवत चालवताना चूक होऊ नये म्हणून.

त्यानं हे सांगितलं नाही. फक्त विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूला झोपता?"

चिरंजीवांनी बोट दाखवलं.

फुली त्याच बाजूला होती.